घाटावर पणत्या राहू द्या

प्रति,
कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर त्रिपुरारी पौर्णिमेला आतषबाजी भरवणारी सर्व मंडळे,
त्यांना वर्गणी आणि जाहिराती देणारे दुकानदार व व्यावसायिक,
आणि परवानगीच्या कागदावर सही करणारे अधिकारी

सप्रेम नमस्कार.

गंगावेशीत परवा नवा फलक लागला. 'यंदा घाटावर एक तासाची भव्य आतषबाजी, पहाटे पाच वाजता.' मागच्या वर्षी वीस मिनिटे होती, त्याच्या आदल्या वर्षी दहा. फलकाखाली उभा राहून मी तो दोनदा वाचला आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो. तुमच्यातल्या कित्येकांना मी लहानपणापासून ओळखतो, तुम्ही मला मामा म्हणता. तोंडी बोलून झाले आहे. दोन वर्षे बैठकीला येऊन बोललो, लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली. पोच कपाटात आहे, उत्तर आलेले नाही. म्हणून आता चारचौघांत बोलतो.

मी शुक्रवार पेठेतला. सात वर्षांचा असताना वडिलांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला घाटाच्या पायरीवरून पाण्यात सोडले. आज छप्पन्न वर्षांचा आहे. पूर आणि आजारपण सोडले तर माझी सकाळ घाटावरच उजाडते. नदीच्या पाण्याचा रंग, वास, गारवा कोणत्या महिन्यात कसा असतो हे मला पंचांग न बघता सांगता येते.

आधी एक ऋण सांगतो, कारण ते न सांगता तक्रार करणे मला जमणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. त्रेचाळीस फुटांना धोक्याची पातळी आणि त्याच्याही वर बारा फूट. आमच्या गल्लीत गळ्याएवढे पाणी होते. माझ्या आईला पहिल्या मजल्यावरून खाली उतरवून नावेत बसवले ते तुम्हीच. तालमीची पोरे होती, दोन दिवस अंगावरचे कपडे बदलले नव्हते. २०२१ ला पुन्हा तेच. घाटावरचा गाळ उपसायलाही तुम्हीच होता. त्यामुळे 'मामाला मंडळांचा राग आहे' असे कुणी म्हटले तर ते खरे नाही. राग असता तर पत्र लिहिले नसते, सरळ फिर्याद दिली असती.

आतषबाजीचाही मला राग नाही. शाळकरी वयात आम्ही दसऱ्याला एसटीने तासगाव तालुक्यातल्या कवठे एकंदला शोभेचे दारूकाम बघायला जात होतो. औट, शिंगटे, झाडे असले दारूकामाचे प्रकार पेटायचे तेव्हा तोंड उघडे राहायचे. दारूकाम ही कला आहे, ती करणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या ते करत आली आहेत. माझे भांडण जागेशी आहे, वेळेशी आहे आणि बेफिकिरीशी आहे.

त्रिपुरारी आमच्या घरात कशी व्हायची ते सांगतो. कार्तिक लागला की आई साडेसातशे पदरांची त्रिपुरवात करायला घ्यायची. बोटाला राखेचे पाणी लावून कापसाचे सूत ओढायचे, पंचवीस पदर झाले की एक जुडगा दोऱ्याने बांधायचा. असे तीस जुडगे. मधे कुणी हाक मारली तर ती बोट दाखवून थांब म्हणायची, कारण मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वात तुपात बुडवून ठेवायची. पणत्या कुंभार गल्लीतून आणायच्या आणि रात्रभर बादलीत पाण्यात घालायच्या, नाही तर कोरी माती सगळे तेल पिते. पहाटे चारला आम्ही निघायचो. घाटावर कुणी मोठ्याने बोलत नसे. पायऱ्यांवर, दीपमाळांवर, पाण्यातल्या महादेवाच्या छोट्या देवळांवर पणत्या लागत जायच्या.

आणि त्या पणत्या दुप्पट दिसायच्या, कारण पाणी थांबलेले असायचे. पावसाळा सरला की राजाराम बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात. कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको, त्याला नावच आपले आहे. बरगे बसले की घाटाजवळची नदी तळ्यासारखी होते. कार्तिकातल्या थंडीत वारा पडलेला, पाणी आरशासारखे, वर एक पणती आणि खाली एक.

ही पहाट तुम्हीही वाढवलीत, ते मान्य करतो. पूर्वी घरटी पाच-दहा पणत्या असायच्या, तुमच्या मंडळांनी हजारो पणत्यांचा संकल्प केला, रांगोळ्या आणल्या, मुलींना तेल घालायला उभे केले. मुंबई-पुण्याहून लोक बघायला येऊ लागले. याचा मला अभिमान वाटला. आरतीनंतर दोन औट उडायचे, तेही चालून जात होते. मग दोनाचे वीस झाले. मग एका मंडळाने जास्त उडवले म्हणून दुसऱ्याने त्याच्यापेक्षा मोठे आणले. मग लोखंडी नळ्यांच्या रांगा आल्या, वायरीवरून पेटवणारे यंत्र आले, आणि गेल्या तीन वर्षांत पणत्या लावून होतात न होतात तोच गर्दी मान वर करून उभी राहते. खाली पायरीवर काय पेटले आहे ते कुणी बघत नाही. गेल्या वर्षी एक पोरगा उत्साहाने मला म्हणाला, "मामा, पुढच्या साली आवाज पार पन्हाळ्यावर गेला पाहिजे." त्याच्या पायाशी बारा पणत्या कलंडून पडल्या होत्या आणि तेल पायरीवरून ओघळत होते.

गेल्या वर्षीचीच गोष्ट सविस्तर सांगायची आहे.

माझी आत्या त्रिपुरारीच्या दोन दिवस आधी गेली. तिसरा दिवस नेमका पौर्णिमेला आला. आपल्याकडे रक्षाविसर्जन तिसऱ्या दिवशी सकाळी करतात आणि पंचगंगेची स्मशानभूमी घाटाला लागूनच आहे. आम्ही पंधरा-वीस माणसे पहाटे तिथे होतो. चिता निवलेली होती, आतेभाऊ खाली बसून अस्थी वेचत होता. त्याच वेळी वर सुरुवात झाली. पहिल्या आवाजाला त्याच्या हातातले गाडगे सुटले. ते फुटले नाही, पण त्याने दोन्ही हातांनी ते ज्या तऱ्हेने पकडले ते मला अजून दिसते. राखेवर वरून जळके कागद पडत होते. आम्ही ते वेचून बाजूला टाकत होतो, कारण आत्याच्या राखेत दुसरे काही मिसळायला नको होते.

मग नैवेद्य ठेवला. दहीभात, आत्याला आवडायची ती बटाट्याची भाजी, चहाचा कप. कावळा यायची वाट बघत बसलो. एरवी तिथल्या झाडांवर इतके कावळे असतात की नैवेद्य ठेवायला वेळ मिळत नाही. त्या सकाळी एकही नव्हता. आवाजाने सगळे उडून गेले होते. कावळा शिवेपर्यंत आपली माणसे तिथून हलत नाहीत. आतेभाऊ मनातल्या मनात आईला एकेक गोष्ट कबूल करत होता, घर विकणार नाही, धाकट्या बहिणीकडे बघेन, तरी कावळा येईना. आम्ही अडीच तास बसलो. शेवटी गाईला घास घालून उठलो. आतेभावाला आजही वाटते की आई नाराज होऊन गेली. मी त्याला समजावतो की तसे काही नाही, आवाजाने पाखरे गेली होती. तो मान हलवतो. पण त्याच्या मनातून ते जात नाही आणि मला तुम्हाला एवढेच विचारायचे आहे, की स्मशानात त्या पहाटे कोण असेल याचा विचार तुमच्या एकाही बैठकीत एकदा तरी झाला होता काय?

हे एका घराचे दुःख झाले. बाकीचे सगळ्यांचे आहे.

माणसांच्या जिवाचे घ्या. आकाशात फुटणारा गोळा जेवढा मोठा तेवढी मोकळी हद्द त्याला लागते. तीन इंची गोळा साधारण तीनशे फुटांवर जाऊन फुटतो, आणि फुटला नाही तर तसाच जळता खाली येतो. आपल्या घाटावर नळ्या मांडतात तिथून लोक किती लांब उभे असतात ते तुम्हीच मोजा. दोन वर्षांपूर्वी माझ्यापासून चार पायऱ्यांवर, आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीच्या परकरावर जळता तुकडा पडला. तिच्या आईने हातानेच विझवला. आईचा तळवा भाजला, मुलगी वाचली. गर्दी इतकी होती की त्या बाईला वर रस्त्यापर्यंत न्यायला आम्हाला पाव तास लागला. पायऱ्यांवर तेल सांडलेले, शेवाळ, अंधार, वर बघत चालणारी माणसे, आणि गंगावेशीकडून घाटाकडे उतरणारा रस्ता दुचाकींनी दोन्ही बाजूंनी भरलेला. रुग्णवाहिका आली असती तर ती उभी कुठे राहिली असती?

१० एप्रिल २०१६ ला केरळात, कोल्लम जिल्ह्यातल्या परवूरच्या पुट्टिंगल देवळात काय झाले ते आठवा. पहाटेचीच वेळ होती, दोन गटांची आतषबाजीची चढाओढ होती, जळता तुकडा दारू साठवलेल्या खोलीवर पडला आणि शंभरावर माणसे गेली. तिथे चढाओढीला प्रशासनाने परवानगी नाकारलेली होती. गेल्या वर्षी आपल्या घाटावर शिल्लक गोळ्यांची खोकी व्यासपीठामागे ताडपत्रीखाली होती आणि दोन हातांवर चहाची शेगडी पेटलेली होती. मी स्वतः ती शेगडी उचलून लांब नेली. दारूकामाचा कारागीर बिचारा मला म्हणाला, "मालक, मी सांगून दमलो. वारा फिरला की माझ्या हातात काही राहत नाही." ज्याला यातले कळते त्याचे ऐकणारे तिथे कुणी नव्हते.

नदीचे सांगतो. ज्या थांबलेल्या पाण्यामुळे एक पणती दोन दिसते, त्याच पाण्यात पडलेली वस्तू वाहून जात नाही. मागच्या वर्षी पौर्णिमेनंतर आठ दिवस मी पोहून झाल्यावर पाण्यातून निघेल ते पोत्यात भरत गेलो. पुठ्ठ्याच्या अर्ध्या वाट्या, आतून काळ्या आणि बाहेर चंदेरी कागद सुटत आलेला. प्लास्टिकच्या टोप्या. पेटवणीच्या पातळ वायरींची गुंतवळ, ती पायात अडकते तेव्हा माणूस खरेच घाबरतो. न फुटलेला एक गोळा सापडला, तो भिजून फुगला होता आणि बोट लावले की राखाडी चिखल सुटत होता. तीन पोती झाली. ती माझ्या दारात अजून आहेत, कुणाला बघायची असतील तर या.

हे दिसते ते. न दिसणारे वेगळे. रंगीत उजेड हा धातूंच्या क्षारांचा असतो. लाल स्ट्रॉन्शियमचा, निळा तांब्याचा, हिरवा बेरियमचा. दारूत घातलेले परक्लोरेट नावाचे रसायन पाण्यात सरळ विरघळते. त्याखेरीज धूर. थंडीत पहाटे नदीवरची हवा जड होऊन खाली बसलेली असते, धूर वर चढत नाही. गेल्या वर्षी सूर्य उगवल्यावरही घाटावरून शिवाजी पूल दिसत नव्हता.

माझ्या बोलण्यावर तुमच्याकडून नेहमी येणारे उत्तर मला पाठ आहे. 'जयंती नाल्याचं बघा की आधी. कारखान्यांचं बघा. एका दिवसाच्या फटाक्यानं नदी मरते काय?' नाही मरत. नदीची खरी दुर्दशा सांडपाण्याने आणि कारखान्यांच्या पाण्याने केली आहे, उन्हाळ्यात मेलेल्या माशांचा खच आपण सगळ्यांनी बघितला आहे. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा नदीच्या खालच्या अंगाच्या लोकांनी काय भोगले तेही माहीत आहे. त्या प्रश्नावर मोर्चा निघाला तर मी पुढे असतो, तुमच्यातले बरेच जण माझ्या बरोबर असतात. म्हणूनच हे बोलतो. मोर्चात 'पंचगंगा वाचवा' म्हणून ओरडायचे आणि सणाला तिच्यातच पोतीच्या पोती टाकायची, मग नाल्याबद्दल आपले ऐकून कोण घेणार? हेच पाणी पुढे शिरोळ तालुक्यातून नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. तिथे लोक ते हातात घेऊन आचमन करतात.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी आणणाऱ्या एका गवळ्याने मला सांगितले की त्या सकाळी त्याच्या म्हशींनी पान्हाच सोडला नाही. एक म्हैस दावे तोडून पळाली, दुपारी सापडली. ज्या गावात दिवाळी पाडव्याला म्हशींची शिंगे रंगवून, मोरपिसे लावून मिरवणूक काढतात, त्या गावात हे सांगायला लागावे याचे वाईट वाटते. पलीकडच्या काठावर नोव्हेंबरात ऊस उभा असतो, पाला वाळलेला असतो. एक जळता औट तिकडे गेला तर काय होईल ते शेतकऱ्याला विचारा. झाडांवरच्या बगळ्यांचे, पाणकावळ्यांचे मी बोलत नाही, कावळ्यांचे सांगितले त्यात ते आले.

अधिकारी मंडळींना आता थोडे कायद्याचे. मी वकील नाही, पण वाचता येते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाचे फटाके वाजवू देत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळी आणि तशाच इतर सणांना रात्री आठ ते दहा एवढीच वेळ ठरवून दिली. त्याच निकालात बेरियमच्या क्षारांवर बंदी आली, २०२१ मध्ये न्यायालयाने ती पुन्हा बजावली. मग फलकावर 'पहाटे पाच वाजता' असे चार फुटी अक्षरांत लिहिलेले कुणाला दिसले नाही काय? की परवानगीच्या कागदात वेळेची जागा कोरी आहे? आणि 'आम्ही हरित फटाके आणतो' असे सांगणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की नागपूरच्या नीरी संस्थेने तयार केलेला हरित फटाका धूर सुमारे ३० टक्क्यांनी कमी करतो. उरलेला सत्तर टक्के धूर आपल्याच छातीत जातो.

त्याच निकालात तुमच्या बाजूची एक गोष्ट आहे, तीही सांगायला हवी. घरोघरी फटाके उडवण्यापेक्षा ठरवून दिलेल्या मोकळ्या जागी सगळ्यांनी मिळून आतषबाजी करावी, याची शक्यता तपासा, असे न्यायालयाने म्हटले आहे. म्हणजे सामुदायिक आतषबाजी वाईट नाही, उलट गल्लोगल्लीच्या फटाक्यांपेक्षा बरी. पण मोकळी जागा म्हणजे पायऱ्यांचा उतार, एका बाजूला पाणी आणि एका बाजूला स्मशान, असा अर्थ होत नाही.

बैठकीत एक जण म्हणाला होता, "मामा, सिडनीला बघा, पाण्यावर कसं करतात." भाच्याने मोबाईलवर दाखवले, बघितले. तिथे ३१ डिसेंबरला बंदराच्या पाण्यात तराफे उभे करून त्यांवरून गोळे सोडतात, नावांना कुठवर यायचे याची हद्द आखून देतात आणि लहान मुलांसाठी रात्री नऊचा वेगळा खेळ असतो. ते मोठे बंदर आहे. आपली नदी पलीकडच्या माणसाला हाक मारता येईल एवढी रुंद. त्यांच्याकडून घ्यायचेच असेल तर आधी हद्द आखायची शिस्त घेऊ.

आणि शिकायला तिकडे जायचे कशाला? गणपती आपण पंचगंगेत आणि रंकाळ्यात सोडत होतो. ते बदलेल असे मला कधी वाटले नव्हते, देवाचा प्रश्न होता. पण आज मूर्ती इराणी खणीत जातात, घरचे गणपती काहिलीत विसर्जन होतात, निर्माल्य वेगळे गोळा होते. मंडळांनी मनावर घेतले म्हणून झाले. होळीचेही तसेच. होळी लहान केली, शेणी स्मशानभूमीला दिल्या. त्याच शेणींवर आपल्या गावात गरीब-श्रीमंत सगळ्यांचे अंत्यसंस्कार एक रुपया न घेता होतात. बाहेरगावचे पाहुणे हे ऐकून आश्चर्य करतात. माझ्या आत्याचेही तसेच झाले. ज्या स्मशानभूमीला तुम्ही होळीला शेणी देता तिच्यावर त्रिपुरारीला जळते कागद पाडू नका, एवढेच मागतो आहे.

माझ्या मागण्या अशा.

पहिली आणि मुख्य, घाटावर आणि नदीपात्रालगत आतषबाजी नको. पणत्या, रांगोळ्या, आरती, भजन, सगळे असू द्या, वाढवा. आतषबाजी करायचीच असेल तर ती पौर्णिमेच्या संध्याकाळी, आठ ते दहा या वेळेत, तपोवन किंवा मेरी वेदरसारख्या एखाद्या मोठ्या मैदानावर करा. कोणते मैदान योग्य ते अग्निशमनवाल्यांनी दवाखाने, शाळा, घरे बघून ठरवावे. आम्ही घरच्या सगळ्यांना घेऊन बघायला येऊ.

तिथेही परवानाधारक कारागीरच नळ्यांजवळ असावा आणि वारा फिरला तर थांबवायचा अधिकार त्याचा असावा, व्यासपीठावरच्या पाहुण्यांचा नव्हे. किती माल आणला, कोणता, किती उडाला आणि किती उरला याची यादी परवानगीबरोबर लोकांना बघायला मिळावी. बेरियम नाही हे त्या यादीवर लिहून द्यावे.

पौर्णिमेच्या पहाटे स्मशानभूमीच्या बाजूला ध्वनिक्षेपक नको, दुचाकी नकोत. कुणाचे रक्षाविसर्जन असेल तर त्या माणसांना गर्दीतून वाट काढून द्यायला दोन पोरे उभी करा. हे काम तुमच्याइतके चांगले कुणी करणार नाही.

गंगावेशीपासून घाटापर्यंत एक बाजू पूर्ण मोकळी ठेवा. पाण्यात एक नाव आणि चार पट्टीचे पोहणारे हवेत. त्या चारांत माझे नाव आत्ताच लिहून घ्या.

दुसऱ्या दिवशीची सफाई ज्यांनी उत्सव केला त्यांनी करायची. दरवर्षी पहाटे सहाला सफाईच्या बायका येतात, वाकून वाकून तेलकट पायऱ्यांवरच्या पणत्या आणि जळके पुठ्ठे उचलतात, त्यांच्या हातात हातमोजेही नसतात. त्या वेळेला मंडळाचे टी-शर्ट घातलेला एकही जण घाटावर नसतो. हे मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी मला लाज वाटते, कारण मीही याच पेठेतला आहे.

वर्गणी देणाऱ्यांना एक विनंती. पावती फाडायच्या आधी विचारा, पैसे कशाला जाणार? पणत्यांना की गोळ्यांना? कुंभार गल्लीतल्या माणसाचे चाक पणत्यांवर फिरते. तासाभराच्या आतषबाजीला जेवढे लागतात तेवढ्या पैशात किती पणत्या, किती तेल आणि किती घरांना काम, याचा हिशोब त्याच्या ओट्यावर बसून करा.

अधिकाऱ्यांना विनंती एकच. परवानगी द्यायच्या आधी एका पहाटे पाचला घाटावर या. नळ्या कुठे मांडणार, लोक कुठे उभे राहणार, स्मशानाची भिंत कुठे आहे, हे पायांनी मोजा. मी टेप घेऊन येतो.

उत्तर पौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी हवे आणि लेखी हवे. होकार असो की नकार, कारणासकट. नकार आला तर मी कायद्याने जिथे दाद मागता येते तिथे मागेन, ते तुमच्यापासून लपवून करणार नाही.

आई आता चौऱ्याऐंशीची आहे. घाटाच्या पायऱ्या उतरता येत नाहीत, मी आणि मुलगा खुर्चीवरून नेतो. दोन वर्षांपूर्वी पहिल्या आवाजालाच तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "मला घरला ने." तिची वात तशीच डब्यात परत आली. यंदा तिने पुन्हा सूत काढायला घेतले आहे. बोटे थरथरतात, त्यामुळे वेळ लागतो. काल रात्रीपर्यंत अकरा जुडगे झाले होते.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता, पोहून झाल्यावर मी घाटावर दीपमाळेजवळ बसलेला असेन. ज्यांना बोलायचे आहे त्यांनी या. जुन्या अर्जाची पोच बरोबर आणतो.

आपला,
शुक्रवार पेठेतील एक रहिवासी
कोल्हापूर